मोड आणि मोडी : जुन्या स्वयंपाकघराचे वाचन

#धागा

१/ इतिहासाची गोडी लागलेला तरुण हल्ली मोडी लिपीच्या वर्गाला आवर्जून जातो. दफ्तरातला एखादा जीर्ण कागद वाचता आला की त्याला धन्यता वाटते. त्याच सुमारास त्याच्या घराच्या माळ्यावरचा पितळी हंडा, तांब्याचा बंब आणि आजीचे चिपटे-मापटे भांडेवाल्याकडे ‘मोड’ म्हणून गेलेले असते. मोड म्हणजे भांड्यातील निव्वळ धातूची, वजनावर ठरणारी किंमत. तीत घडणावळ धरत नाहीत आणि भांड्यावर कोरलेले नावही धरत नाहीत. ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोग याच व्यवहाराचा.

२/ आजचा धागा या मोडीत निघणाऱ्या दस्तऐवजाविषयी आहे. जुनी भांडी आणि स्वयंपाकाची अवजारे जमवणारे आता बरेच झाले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु अवजार म्हणजे केवळ वस्तू नव्हे. ते वापरणारा हात, ते दुरुस्त ठेवणारा कारागीर आणि त्यामागचे गणित, या सर्वांसह ते पूर्ण होते. वस्तू जपली आणि बाकीचे विसरलो, तर आपल्या हाती काय उरते, हे पाहू.

३/ प्रथम लिखित पुरावा. भांड्यावर नाव घालण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. बारीक छिन्नीने ठिपक्यांची ओळ उठवत अक्षरे काढली जात. त्यांत मालकाचे नाव, गाव, प्रसंग, देणाऱ्याचे नाते आणि कधी तारीख असे. लग्न, मुंज, बारसे, डोहाळजेवण या प्रसंगांच्या आहेराची ती नोंद होती. जमिनीच्या कागदांत आणि खातेवह्यांत ज्या स्त्रीचे नाव कोठेच येत नाही, तिचे नाव कित्येक घरांत एखाद्या तांब्यावर किंवा परातीवर मात्र सापडते.

४/ हे लेख वाचताना काही पथ्ये पाळावीत. साल शकातले आहे की इसवी सनातले, हे आधी ठरवावे. दोहोंत ७८ वर्षांचे अंतर असते. कोरलेली तारीख आहेराची असते, भांडे त्याहून जुने असू शकते. एक नाव घासून त्यावर दुसरे घातलेले दिसले, तर ते भांडे हस्तांतरित झाले आहे. वाटणीत, विक्रीत की गहाणातून, हे केवळ भांड्यावरून कळत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे लागते. तारीख नसलेल्या भांड्याला ‘शिवकालीन’ किंवा ‘पेशवेकालीन’ म्हणण्याची घाई करू नये.

५/ आता धातू. तांबे शुद्ध असते, तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि कथील मिसळले की कासे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी आजही या इतिहासाची साक्ष देते. हे कारागीर कोकणातून पेशवाईच्या काळात पुण्यात आले, अशी त्यांच्या समाजाची परंपरा सांगते. त्यांच्या भांड्यांवर दिसणाऱ्या ठोक्यांच्या ओळींना मठारकाम म्हणतात.

६/ मठारकाम शोभेसाठी केलेले असते, असा अनेकांचा समज असतो. तांब्याचा पत्रा मऊ असतो. तापवून गार केल्यावर तो अधिकच मऊ होतो. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याने त्याचे कण दाबले जातात आणि तो कडक होतो. सगळीकडे सारखे ठोके बसले, तरच भांडे रोजच्या आदळआपटीत आकार टिकवून धरते. म्हणजे ज्या ठिपक्यांचे आपण कौतुक करतो, ते भांड्याच्या बळकटीचे गणित आहे. पूर्वी पाणी तापवायच्या बंबाने या कारागिरांच्या हाताला मोठे काम दिले. गॅसचा आणि विजेचा गिझर घरोघरी आला, तसे ते काम आटले.

७/ तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला की त्याला हिरवट रंग चढतो आणि चव बिघडते. मराठीत यासाठी नेमके क्रियापद आहे : कळकणे. ताक कळकते, आमटी कळकते. आम्लाने तांब्याचे क्षार अन्नात उतरतात, हे त्याचे रासायनिक कारण. ताक, चिंच, कोकम आणि आमसुले यांवर पोसलेल्या स्वयंपाकघरात तांब्या-पितळेची भांडी नांदू शकली, ती केवळ कल्हईमुळे.

८/ कल्हईवाला जमिनीत छोटा खड्डा करून कोळसे पेटवी आणि भात्याने वारा घाली. भांडे घासून, तापवून त्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठे. नवसागर धातूवरचा मळ व गंज काढून टाकतो. मग कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील भरभर सर्वत्र फिरवायचे. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणून हे काम साध्या कोळशावर होते. थर अतिशय पातळ असतो, घासून घासून झिजतो आणि काही महिन्यांनी कल्हईवाल्याला पुन्हा बोलवावे लागते.

९/ ‘कल्हई’ हा शब्द पाहा. अरबीत कथलाला ‘कलई’ म्हणतात. अरब भूगोलकारांनी वर्णिलेल्या, मलाया द्वीपकल्पावरील ‘कलाह’ या बंदराशी अनेक अभ्यासक या शब्दाचा संबंध जोडतात. त्या प्रदेशातले कथील शतकानुशतके समुद्रमार्गे पश्चिमेकडे जात होते. आपल्या अंगणात येऊन बसणाऱ्या कारागिराच्या हाकेत हिंदी महासागराच्या व्यापाराचा एक तुकडा असा शिल्लक राहिला आहे.

१०/ ही व्यवस्था मोडली कशी? पहिला धक्का ॲल्युमिनियमचा. १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचा उद्योग सुरू केला. ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त होते, शिवाय त्याला कल्हई लागत नव्हती. दुसरा धक्का स्टेनलेस स्टीलचा. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी विकसित केलेला हा पोलाद-मिश्रधातू स्वातंत्र्योत्तर काळात आपल्या मांडणीवर चढला. तो कळकत नाही, काळा पडत नाही आणि त्याला चिंच लावून घासावे लागत नाही.

११/ स्टील घराघरांत पोहोचवण्यात बोहारणीचा वाटा मोठा. जुन्या लुगड्यांच्या आणि पँटींच्या बदल्यात ती डबे, वाट्या, पातेली देई. मुंबईत हा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी गुजरातमूळच्या वाघरी समाजाच्या. पितळ मोडीत गेले आणि स्टील कपड्यांच्या बदल्यात आले. या स्थित्यंतराची नोंद कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा दारातल्या घासाघिशीत अधिक झाली असेल, आणि ती कोणी लिहून ठेवली नाही.

१२/ धातूंकडून दगडाकडे वळू. दगडी अवजारांचे वय धातूच्या भांड्यांहून किती तरी अधिक. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत धान्य पुढे-मागे रगडण्याचे दगड मिळाले. गोल फिरणारे जाते त्यानंतरचे. महाराष्ट्रात ते सातवाहनकालीन थरांत दिसते. ह. धी. सांकळिया यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञाने या फिरत्या जात्यांवर स्वतंत्र लेखन केले, यावरून त्यांचे महत्त्व ध्यानात यावे.

१३/ जात्याचा खुंटा, मधली माकणी, तोंडात घातली जाणारी मूठभर वैरण हे शब्द आज अर्थ विचारून समजून घ्यावे लागतात. जात्यासोबत ओवीही होती. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ हा संग्रह २०१७ पासून लोकांसमोर आणत आहे. गावात पिठाची गिरणी आली की जाते थांबते, आणि जाते थांबले की ओवी म्हणण्याचा प्रसंगच उरत नाही. जाते संग्रहालयात ठेवता येते. ओवीसाठी कोणाला तरी उंबरा ओलांडून, बसून ऐकावे लागले.

१४/ पाटा, वरवंटा आणि जाते वापराने गुळगुळीत होतात. गुळगुळीत दगडावर वाटण सरकते, वाटले जात नाही. म्हणून ठरावीक काळाने दगडाला टाकी लावावी लागे. छिन्नी-हातोडीने त्याच्या पृष्ठभागावर बारीक खळगे पाडून त्याला पुन्हा धार आणणे, म्हणजे टाकी लावणे. हे काम करणारी माणसे गावोगाव फिरत. त्यांच्या हाकेवर बाया पाटे बाहेर काढत. कल्हईवाल्याप्रमाणेच हा कारागीरही स्वयंपाकघराचा अविभाज्य भाग होता.

१५/ आणि येथे स्वयंपाकघराचा इतिहास अचानक गंभीर वळण घेतो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आहेत, वाघरी आहेत आणि भामटा या गटाखाली टकारी, गिरणी वडार, पाथरूट अशी नावे आहेत. टाकी, गिरणी, पाथर. आपल्या पाट्याला आणि जात्याला धार देणारे व्यवसाय या नावांतच दडलेले आहेत.

१६/ ‘विमुक्त’ म्हणजे कशातून मुक्त? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून. १९११ मध्ये त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश भारतात वाढली. जन्मानेच संशयित ठरवलेल्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि परवानगीवाचून हिंडण्यास मनाई असे. सोलापूरची ‘सेटलमेंट’ हे त्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का सहज पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ चे. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांचा धंदाच गावोगाव फिरण्याचा होता, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. दिवाणखान्यात मांडलेल्या जुन्या पाट्यावर टाकीच्या ज्या खुणा दिसतात, त्या याच हातांच्या आहेत.

१७/ तिसरा पुरावा मापांचा. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली, अर्ध्या शेराचे मापटे आणि पाव शेराचे चिपटे. लाकडी किंवा पितळी, पट्ट्या ठोकलेली ही मापे आज शोभेच्या कपाटात पेनांचे घर होऊन बसली आहेत. ही आकारमानाची मापे होती, वजनाची नव्हेत. त्यामुळे बाजरीची पायली आणि पोह्यांची पायली तराजूत सारखी भरत नसे. शिवाय पायली मुलखागणिक बदले. एखादे जुने माप हाती आले, तर त्यात पाणी भरून ते मोजा आणि ते कोणत्या गावचे आहे, याची नोंद ठेवा. स्थानिक मापांच्या इतिहासाला एवढी नोंदही उपयोगी पडते.

१८/ १९५६ च्या कायद्याने भारतात मेट्रिक पद्धती आली आणि १९५८ ते १९६२ या काळात ती टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. जुनी पाकशास्त्राची पुस्तके शेर, पावशेर, तोळा या भाषेत बोलत होती. ती नव्या पिढीला परकी झाली. पुढे १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे मराठी वाचकांत रूढ करण्यास मोठा हातभार लावला. आजीच्या वहीतला पदार्थ आज फसतो, तेव्हा अनेकदा दोष हाताचा नसतो. तिचा ‘शेर’ आपल्याला ठाऊक नसतो.

१९/ ‘भाजणे म्हणजे ओव्हन, आणि ओव्हन म्हणजे पाश्चात्त्य’ असे समजणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर. पाठारे प्रभूंचे भानोले आणि कोकण-गोव्याकडचे काकडीचे धोंडस हे पदार्थ खाली मंद निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवून भाजले जात. गोव्याचे बेबिंक तर थरावर थर चढवत, वरच्या निखाऱ्यांच्या धगीवर शिजते. त्यासाठी नारळाच्या सोडणांचा विस्तव लागतो. जाड बुडाचे पातेले आणि निखारे पेलणारे सपाट झाकण एवढेच त्याचे साहित्य. जुन्या बाजारात कडा उंच असलेले, वरच्या बाजूने काळे पडलेले झाकण दिसले, तर ते टाकाऊ समजू नका. तो काळेपणा भाजण्याच्या पद्धतीचा पुरावा असू शकतो.

२०/ या सर्व अवजारांना एका बदलाने एकदम बेघर केले. तो बदल म्हणजे ओटा. चूल-वैल, विळी, पाटा, जाते, खलबत्ता ही बसून वापरायची अवजारे. शहरी घरांत स्वयंपाक उभ्याने होऊ लागला आणि जमिनीवरच्या अवजारांची जागाच गेली. १९५० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत ‘बर्शेन’ हा बाटलीबंद गॅस आला. गोल बुडाची भांडी चुलीवर बसत, शेगडीला सपाट बूड हवे. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी मुंबईत ‘सुमीत’ मिक्सर घडवला, तो ओले खोबरे आणि कोरडा मसाला पेलण्यासाठीच. विळीची जागा सुरीने घेतली. दोन-तीन दशकांत हजारो वर्षांची बैठक उठली.

२१/ अशा वेळी या वस्तूंची किंमत ओळखणारा माणूस पुण्यात होता. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). राजमुकुट आणि तलवारींच्या मागे जग धावत असताना त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या. या कामात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. अकाली गेलेल्या ‘राजा’ या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ मध्ये त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अहमदाबादच्या ‘विशाला’ येथे सुरेंद्र पटेल यांनी उभारलेले भांड्यांचे संग्रहालयही पाहण्याजोगे आहे.

२२/ केळकरांच्या पिढीने वस्तू वाचवल्या. आपल्या पिढीपुढचे काम थोडे वेगळे आहे. जुन्या बाजारातून भांडे घेतले जाते, यंत्रावर चकचकीत घासले जाते आणि त्यात मनीप्लांट लावला जातो. त्या घासण्यात ठिपक्यांचे नाव जाते, तळाची काजळी जाते, डाग लावून केलेली दुरुस्ती झाकली जाते. वस्तू वाचते, पण तिच्यावरचा मजकूर पुसला जातो. मोडी कागदावर कोणी पांढरा रंग फासला, तर आपण आरडाओरडा करू. येथे मात्र आपण त्यालाच ‘जतन’ म्हणतो.

२३/ मग वापरावे की नाही? जरूर वापरावे, पण समजून. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट पदार्थ शिजवू अथवा साठवू नये. कल्हई करताना शुद्ध कथीलच वापरले जात आहे ना, त्यात शिसे मिसळलेले नाही ना, याची खात्री करून घ्यावी. कल्हईचे भांडे रिकामे तापत ठेवू नये, थर वितळतो. बिडाचा तवा पाण्यात भिजत टाकू नये, पुसून तेलाचा हात द्यावा. तापलेल्या तेलाचा थर साचत साचत तवा चिकटेनासा होतो. नाव कोरलेला भाग चिंच-मिठाने जोरात घासू नये. आणि शक्य तेथे हयात कारागिराकडूनच दुरुस्ती करून घ्यावी. त्याचे काम चालू राहिले, तरच ते ज्ञान चालू राहील.

२४/ आपल्या घरातल्या एका वस्तूपासून आरंभ करा आणि पाच प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवा. तिला घरात कोणत्या नावाने हाक मारत? ती कोणाकडून, कोणत्या निमित्ताने आली? तिच्यात काय शिजे किंवा तिने काय केले जाई? ती बिघडली की कोण दुरुस्त करी, आणि तो माणूस कोठून येई? शेवटची कधी वापरली, आणि का थांबली? सांगणाऱ्याच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा टिपा. अपरिचित शब्द मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात पाहा. स्वयंपाकघरातले पुष्कळ शब्द तेथे भेटतात.

२५/ यातला चौथा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कल्हईवाल्याची हाक आठवते, टाकीवाल्या बाईचा चेहरा आठवतो. नाव मात्र बहुधा आठवत नाही. विचारून पाहा. मिळाले, तर ते भांड्याच्या नोंदीत मालकाच्या नावाशेजारी लिहा.

२६/ एक सावधगिरी. या सगळ्याला ‘गेले ते सोनेरी दिवस’ असा सूर लावू नये. पहाटे उठून जाते ओढणे हा सक्तीचा श्रम होता आणि तो बहुतेक बायकांच्याच वाट्याला येई. त्यांच्या ओव्यांत माहेरची ओढ आहे, तशी दुःखेही आहेत. गिरणी आली, मिक्सर आला, तेव्हा त्यांचे खांदे आणि कंबर सुटली. जुने अवजार जपायचे ते त्या काळी परत जाण्यासाठी नव्हे. ते कष्ट कोणी केले, कोणाच्या बळावर केले आणि त्यातून काय घडले, हे नेमके सांगता यावे यासाठी.

२७/ दिवाळीची आवराआवर, घराचा पुनर्विकास, वडिलोपार्जित वाड्याची वाटणी हे मोड निघण्याचे नेहमीचे प्रसंग. सगळे ठेवणे कोणालाच शक्य नसते, तशी अपेक्षाही नाही. विकण्यापूर्वी निदान भांड्याचे छायाचित्र घ्या, कोरलेला मजकूर उतरवून घ्या, वजन आणि माप लिहा. वितळलेल्या पितळेतून नाव परत काढता येत नाही. आपल्या घरी असे नाव कोरलेले भांडे असेल, तर त्यावरचा मजकूर या धाग्याखाली जरूर लिहा. मी ते सर्व एकत्र करून पुढील धाग्यात मांडेन.

(धागा समाप्त)